‘कारण: ताप’: यादवीपूर्व अमेरिकी दक्षिणेतल्या खेड्यांत माणसं कशानं मरत होती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत १८५० साली जनगणना झाली तेव्हा माणसं मोजणाऱ्यांच्या हातात एक जादा तक्ता दिला होता. गेल्या बारा महिन्यांत या घरातलं कोण गेलं, आणि कशानं? मी गेली काही वर्षं त्या तक्त्यांची पानं वाचते आहे, जास्त करून जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायनाच्या खेड्यांची. या वाचनाबद्दल बोलायला लागलं की ऐकणारे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती लांबायलाच हवी होती.

‘अँटिबेलम साउथ’ म्हणजे नेमका कुठला काळ आणि कुठला प्रदेश?

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झालं. त्याच्या आधीची तीस-चाळीस वर्षं म्हणजे अँटिबेलम काळ. प्रदेश म्हणजे व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतची, गुलामगिरी कायदेशीर असलेली राज्यं. १८६० मध्ये तिथे साडेएकोणचाळीस लाखांच्या आसपास माणसं गुलामीत होती. न्यू ऑर्लिन्स, चार्ल्स्टन अशी मोजकी शहरं सोडली तर सगळं खेडंच. कापूस, तंबाखू, ऊस आणि किनाऱ्याला भात. सगळे गोरे मोठ्या हवेल्यांतून राहत होते हा समज मात्र काढून टाका. चारातल्या तीन गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. ती लाकडी ओंडक्यांच्या घरात राहणारी, मका आणि डुकरं पिकवून पोट भरणारी माणसं होती, आणि मरणाच्या बाबतीत त्यांची अवस्थाही फार चांगली नव्हती.

त्या काळी मृत्यूची नोंद होत होती का?

खेड्यात बहुतेक ठिकाणी नाही. केंटकीनं १८५२ मध्ये आणि व्हर्जिनियानं १८५३ मध्ये कायदा करून जन्ममृत्यूची नोंद सुरू केली. एरवी घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेली तारीख, चर्चचं दप्तर, मळेमालकाची हिशेबाची वही, एवढाच आधार. म्हणून जनगणनेच्या मृत्यू-तक्त्याला एवढं मोल.

१८५० च्या तक्त्यात १ जून १८४९ ते ३१ मे १८५० या वर्षातले मृत्यू आहेत. रकाने असे: नाव, वय, लिंग, वर्ण, स्वतंत्र की गुलाम, विवाहित की जोडीदार गेलेला, जन्माचं ठिकाण, मृत्यूचा महिना, धंदा, मृत्यूचं कारण, आणि किती दिवस आजारी. वर्षाच्या आतल्या मुलाचं वय बाराव्या हिश्शात लिहायचं असा नियम होता. तीन महिन्यांचं बाळ म्हणजे ३/१२. पान उघडलं की आधी हे अपूर्णांकच डोळ्यांत भरतात. ३/१२, ७/१२, १/१२, मग एखादं ६२, मग पुन्हा ५/१२. पहिल्यांदा मला ती शाळेतल्या गणिताची वही वाटली. रेघेच्या वरचा आकडा म्हणजे त्या मुलाचं अख्खं आयुष्य, हे समजायला थोडा वेळ लागला.

या नोंदींवर कितपत विसंबायचं?

आकड्यांवर फारसं नाही. १८५० च्या जनगणनेचे आकडे ज्यांच्या देखरेखीखाली छापले गेले त्या डीबो यांनीच लिहून ठेवलं की जन्म, लग्नं आणि मृत्यूंच्या एकूण बेरजांना फार थोडी किंमत आहे. माणूस बारा महिन्यांपूर्वीचं विसरतो. ज्या घरातले सगळे गेले त्या घराचं दार कुणी उघडत नाही. चार दिवसांत गेलेलं बाळ पुष्कळ ठिकाणी मोजलंच गेलं नाही.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांगणारा कोण होता. गोऱ्या घरात कुटुंबप्रमुख सांगायचा. गुलामीतल्या माणसाच्या मृत्यूबद्दल त्याची बायको किंवा आई सांगत नसे. मालक किंवा त्याचा मुकादम सांगायचा. डॉक्टर तर बहुतेक वेळा आलेलाच नसे. तेव्हा कारणाच्या रकान्यात जे लिहिलंय ते निदान समजून वाचू नका. तो सांगणाऱ्याचा शब्द आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढची सगळी पानं वेगळी दिसायला लागतात.

मग सगळ्यात जास्त माणसं कशानं गेली?

ताप, पोट आणि छाती.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पहिलं दव गोठेपर्यंत ताप. त्यात हिवताप होता, विषमज्वर होता आणि नुसताच ‘ताप’ही होता. उन्हाळ्यात हगवण आणि आव, लहान मुलांत विशेष. हिवाळ्यात न्यूमोनिया, ज्याला खेड्यातले लोक ‘विंटर फीव्हर’ म्हणत. क्षय बाराही महिने. त्यांच्या जोडीला डांग्या खोकला, गोवर, लोहितांग ज्वर आणि घसा सुजून श्वास कोंडणारे आजार. यातलं एकही नाव आपल्याला परकं नाही.

विहिरी उथळ होत्या, गोठ्याला आणि उकिरड्याला लागून होत्या. गुलामांच्या वस्तीत तर पुष्कळदा संडासच नसत. लोक झाडीत जात, पाऊस सगळं विहिरीत आणून सोडायचा. भाताच्या मळ्यांवर माणसं नदीचं आणि चरांचं पाणी पीत होती. जंतू हे रोगाचं कारण असतात हे अजून जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. दलदलीतून वर येणाऱ्या दूषित हवेनं, ‘मायाझ्मा’नं, ताप येतो अशी डॉक्टरांचीही खात्री होती. हवा वाईट म्हणून खिडक्या बंद करत, आणि त्यानं योगायोगानं थोडे डासही बाहेर राहत.

‘बिलियस फीव्हर’, ‘ड्रॉप्सी’, ‘फ्लक्स’ या शब्दांचा आजच्या भाषेत अर्थ काय?

अंदाजानंच सांगता येतो. ‘इंटरमिटंट फीव्हर’ किंवा ‘एग्यू’ म्हणजे दिवसाआड, दोन दिवसांआड थंडी वाजून येणारा ताप. हा बहुतेक हिवताप. ‘रेमिटंट’ किंवा ‘बिलियस फीव्हर’ म्हणजे न उतरणारा, पित्ताच्या उलट्या आणि कावीळ घेऊन येणारा. पुष्कळदा हिवतापाचाच जास्त घातक प्रकार, कधी विषमज्वर. ‘कंजेस्टिव्ह चिल’ असं लिहिलं असेल आणि आजारपणाचे दिवस एक किंवा दोन असतील तर मेंदूपर्यंत गेलेल्या हिवतापाची शंका घ्यावी.

‘कंजम्प्शन’ म्हणजे क्षय. ‘स्क्रॉफ्युला’ म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय, म्हणजे गंडमाळा. ‘फ्लक्स’ म्हणजे हगवण, ‘ब्लडी फ्लक्स’ म्हणजे रक्ती आव. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावर सूज, जलोदर. पण सूज हा आजार नव्हे, लक्षण. मागे हृदय असेल, मूत्रपिंड असेल, यकृत असेल. ‘लॉकजॉ’ म्हणजे धनुर्वात; ‘दातखीळ’ हा आपला शब्द त्याला हुबेहूब बसतो. ‘पुट्रिड सोअर थ्रोट’ म्हणजे बहुधा घटसर्प. ‘सडन’ म्हणजे अचानक, यापलीकडे काही कळत नाही. आणि कधी कधी लिहिलेलं असतं ‘व्हिजिटेशन ऑफ गॉड’: देवाची करणी.

‘टायफॉइड’ आणि ‘टायफस’ हे दोन शब्द एकच समजू नका, पण त्या काळच्या लिहिणाऱ्यानं ते एकच समजले असतील हे ध्यानात ठेवा. दोन्ही आजार वेगळे आहेत हे फिलाडेल्फियाच्या गेरहार्ड या डॉक्टरनं १८३७ मध्येच दाखवलं होतं. खेड्यात ते पोचायला बराच काळ गेला.

काळ्या माणसांना हिवताप होत नसे, हे खरं आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. याचं अर्धं उत्तर जीवशास्त्रात आहे आणि अर्धं मळेमालकांच्या सोयीत.

पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या बहुतेक लोकांच्या रक्तपेशींवर ‘डफी’ नावाचं प्रथिन नसतं, त्यामुळे हिवतापाचा व्हायव्हॅक्स हा प्रकार त्यांना सहसा धरत नाही. सिकल सेल या रक्ताच्या आजाराचं एक जनुक असलेल्या माणसाला फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारापासून काहीसं संरक्षण मिळतं. पण तेच जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर ते मूल त्या काळात जगणं कठीण. विदर्भातल्या आदिवासी भागांत काम करणाऱ्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. म्हणजे संरक्षण होतं, पण अर्धवट होतं आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

या अर्धवट गोष्टीवर मालकांनी अख्खा युक्तिवाद उभा केला. काळा माणूस दलदलीत टिकतो, म्हणून भाताच्या खाचरात उतरायला देवानं त्यालाच घडवला आहे. स्वतः मालक मात्र मे महिन्यात कुटुंबकबिला घेऊन पाइनच्या उंचवट्यावर, समुद्रकाठी किंवा उत्तरेत निघून जात आणि पहिलं दव गोठल्यावर परतत. मागे राहत ते मुकादम आणि गुलामीतली माणसं. हिवाळ्यात तीच माणसं गार चिखलात अनवाणी उभी राहून बांध आणि चर दुरुस्त करत, आणि न्यूमोनियानं मरत. न्यूमोनियापासून त्यांना कुठल्याच जनुकाचं संरक्षण नव्हतं.

सव्हाना नदीतल्या आर्गाइल बेटावर गाउरी नावाचा भाताचा मळा होता. त्या मळ्याच्याच कागदपत्रांवरून इतिहासकारांनी हिशेब मांडला, तेव्हा तिथे जन्मलेल्या दहा मुलांतली जवळजवळ नऊ सोळा वर्षांची होण्याआधी गेली असं निघालं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं.

लहान मुलं एवढी का दगावत होती?

गोऱ्यांचीही दगावत होती. पण गुलामीतल्या मुलांतली जवळपास निम्मी पाच वर्षांची होण्याआधी जात, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट. याची सुरुवात पोटातच होई. बाई शेवटच्या महिन्यांपर्यंत शेतात कुदळ चालवायची. तिला आठवड्याचा शिधा म्हणजे एक पेक, म्हणजे साधारण नऊ लिटरचं माप भरून मक्याचं पीठ, आणि तीन-चार पौंड खारवलेलं डुकराचं मांस. बाळ जन्मतःच हडकुळं असायचं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आई पुन्हा शेतात जाई आणि दिवसातून ठरावीक वेळाच तिला बाळ पाजायला सोडत. उरलेल्या वेळी वस्तीतली एखादी थकलेली म्हातारी दहा-वीस मुलं सांभाळायची आणि पिठाची कांजी भरवायची. कांजीचं पाणी कुठलं, ते वर आलंच आहे.

१८३८-३९ च्या हिवाळ्यात फॅनी केंबल ही इंग्लंडमधली नामांकित नटी जॉर्जियात डेरियनजवळच्या बटलर बेटावर राहायला आली. बेट तिच्या नवऱ्याच्या मालकीचं, भाताचं. नवऱ्याच्या मळ्यांवरच्या बाया तिच्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायला लागल्या आणि तिनं त्यांची नावं आणि मुलांचे आकडे लिहून ठेवले. फॅनी नावाच्याच एका बाईला सहा मुलं झाली होती. एक सोडून सगळी गेलेली. ती शेतातलं काम थोडं हलकं करा म्हणून विनवायला आली होती. दुसरी सेरा: चार वेळा गर्भ पडलेला, सात मुलं झालेली, त्यांतली पाच गेलेली, आणि पुन्हा दिवस गेलेले. बायांची एकच मोठी मागणी होती. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी कुदळ हातात देता, ती पूर्वीसारखी महिन्यानं द्या. एक आठवडा वाढवून मागत होत्या.

जनगणनेच्या तक्त्यात अशा मुलांपुढे कारण म्हणून बरेचदा ‘टीदिंग’ किंवा ‘वर्म्स’ लिहिलेलं दिसतं: दात येणं आणि जंत. दातांनी मूल मरत नाही. पण दात येतात तेव्हाच अंगावरचं दूध सुटतं आणि बाहेरचं अन्नपाणी सुरू होतं, आणि त्यातून हगवण लागते. गोऱ्या आयांनाही मुलाच्या ‘दुसऱ्या उन्हाळ्याची’ धास्ती वाटे, ती यामुळेच. जंतांचंही तसंच. तापात मुलाच्या तोंडातून किंवा शौचातून जंत पडले की दोष त्यांना. जंत खरोखर होते, पोटभर होते. पण जीव बहुतेक वेळा दुसऱ्याच कशानं गेलेला असे.

जन्मल्यावर आठ-दहा दिवसांत जाणारी बाळं कशानं जात?

धनुर्वातानं. खेड्यातले लोक त्याला ‘नाइन डे फिट्स’, म्हणजे नवव्या दिवसाचे झटके म्हणत.

बाळ चांगलं जन्मतं. रडतं, पितं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कधीतरी ते आईच्या अंगावर नीट ओढेनासं होतं. भूक असते, पण जबडा उघडत नाही. आई बोटानं ओठ उघडून पाहते तर हिरड्या घट्ट मिटलेल्या. मग जरा आवाज झाला, कुणी हात लावला की सगळं अंग ताठ होऊन कमानीसारखं वाकतं. एक-दोन दिवसांत सगळं संपतं.

कारण होतं नाळ. मातीची जमीन, शेजारी घोड्यांचा तबेला, हाताला येईल ती सुरी किंवा कात्री, आणि नाळेवर बांधायला जुनं फडकं. धनुर्वाताचे जंतू माती आणि घोड्याच्या लिदीत असतात. हे कळायला १८८० चं दशक उजाडावं लागलं. निकोलायर यांनी १८८४ मध्ये तो जंतू पाहिला आणि कितासातो यांनी १८८९ मध्ये तो वेगळा काढला.

त्याआधी अलाबामात मॉन्टगोमेरी इथे जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरनं याचं कारण शोधल्याचा दावा केला. त्याच्या मते बाळ पाठीवर निजल्यानं डोक्यामागचं हाड आत दाबलं जातं. त्यानं गुलामीतल्या बाळांच्या कवटीचं हाड मोच्याच्या आरीनं उचलून पाहिलं. आपल्याकडे अजून मोच्याच्या पेटीत ती आरी दिसते. टोकाला किंचित वाकलेली, लाकडी मुठीची. ती बाळं वाचली नाहीत. याच सिम्सनं १८४५ ते १८४९ या काळात अनार्का, बेट्सी, लूसी आणि आणखी काही गुलाम बायकांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून नाव कमावलं.

भारतातून बाळंतिणी आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्यामागे गरोदरपणातलं इंजेक्शन, नवं ब्लेड आणि स्वच्छ दोरा आहे. ज्या आजीनं नाळेपायी मूल गमावलेलं पाहिलंय तिला विचारा, १८५० फार लांब नाही.

‘ओव्हरलेड’ किंवा ‘स्मदर्ड’ असं लिहिलंय. आईच्या अंगाखाली बाळ गुदमरलं?

लिहिणाऱ्याचं म्हणणं तेच. आई दमून झोपली आणि कुशीतल्या बाळावर कलंडली. हे कारण गुलामीतल्या बाळांपुढे जितक्या वेळा येतं त्याच्या मानानं गोऱ्या बाळांपुढे फारच क्वचित, हीच खटकणारी गोष्ट. झोप सगळ्याच आयांना लागते आणि बाळं सगळ्याच कुशीत घेत.

१९७० च्या दशकापासून इतिहासकारांनी या नोंदी पुन्हा तपासल्या. मेलेल्या बाळांची वयं आणि ऋतू पाहिले तर चित्र आज ज्याला झोपेतला अचानक बालमृत्यू म्हणतात त्याच्याशी जुळतं. कमी वजनाची बाळं, कष्टलेल्या आया, हिवाळा. सकाळी कुशीत गार पडलेलं बाळ पाहून मुकादमानं आईला बोल लावला आणि तोच शब्द सरकारी कागदावर गेला. काही मालक तर याला गुलाम बायकांची बेपर्वाई म्हणत, काही मुद्दाम मारल्याचा संशय घेत. तक्त्यात हा शब्द दिसला की मी तिथे थोडी थांबते. त्या आईचं म्हणणं कुणी विचारलेलंच नव्हतं.

बाळंतपणात किती बायका जात?

तक्त्यात ‘चाइल्डबेड’ किंवा ‘प्यूरपरल फीव्हर’ असं दिसतं. त्यात गोऱ्या आणि काळ्या दोन्ही बायका आहेत, वीस ते पस्तीस वयाच्या. बाळंतपणं सुईणींच्या हातून होत. मळ्यावर गुलामीतली म्हातारी ‘ग्रॅनी’ काळ्या बायकांचीही करायची आणि मालकिणीचीही. तिचे हात काही वेळा डॉक्टरपेक्षा बरे होते, कारण डॉक्टर एका रोग्याकडून हात न धुता दुसऱ्याकडे जात. सूतिकाज्वर डॉक्टरच्या हातून पसरतो असं बोस्टनच्या होम्स यांनी १८४३ मध्ये आणि व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये सांगितलं. दोघांचंही फारसं कुणी ऐकलं नाही.

पटकी आणि पीतज्वराच्या साथींचं काय?

त्यांचा बोलबाला जास्त, पण खेड्यात रोजच्या तापानं त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक माणसं नेली. पीतज्वर हा बंदरांचा रोग. १८५३ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे ८००० माणसं त्यानं मेली. शहरातून पळालेल्यांबरोबर तो नदीकाठच्या गावांत शिरला, पण आतल्या खेड्यांना बहुधा शिवला नाही. पटकी मात्र बंगालातून जग फिरत १८३२ मध्ये आणि पुन्हा १८४९ च्या सुमारास अमेरिकेत पोचली. बोटीनं नदीकाठच्या मळ्यांवर आली आणि एकाच विहिरीचं, एकाच चराचं पाणी पिणाऱ्या वस्त्या काही दिवसांत रिकाम्या करून गेली.

डॉक्टर बोलावला तर माणूस वाचत होता का?

बरेचदा डॉक्टर न येणं हेच बरं असे. लॅन्सेटनं शीर कापून रक्त काढणं, अंगावर फोड उठवणं, आणि कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं क्षार. ते इतकं देत की रोग्याच्या तोंडातून लाळेच्या धारा लागत, हिरड्या सडत, दात हलत. लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडलं असं मानत. हगवणीनं वाळलेल्या लेकराला वर जुलाब देत.

एक औषध खरोखर काम करत होतं, ते म्हणजे क्विनाइन. १८२० मध्ये पॅरिसमध्ये ते सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं गेलं. मिझूरीतल्या सॅपिंग्टन नावाच्या डॉक्टरनं १८३२ पासून क्विनाइनच्या गोळ्या गावोगाव विकल्या आणि तापात रक्त काढू नका असं ठणकावून सांगितलं. जॉर्जियातल्या जेफरसन या खेड्यात क्रॉफर्ड लाँगनं ३० मार्च १८४२ ला ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केली, जगात जवळजवळ सगळ्यांच्या आधी. त्यानं ते १८४९ पर्यंत छापलं नाही, म्हणून श्रेय नंतर तेच करून दाखवणाऱ्या बोस्टनच्या डॉक्टरांकडे गेलं.

आणि दुसऱ्या टोकाला १८५१ मध्ये लुइझियानाच्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरनं ‘ड्रेपेटोमेनिया’ हा रोग जाहीर केला. लक्षण: गुलामाला पळून जावंसं वाटणं. रोगांची नावं कोण ठेवतं आणि कुणासाठी, हे समजायला एवढं एकच उदाहरण पुरे.

मारहाणीनं, छळानं झालेले मृत्यू तक्त्यात दिसतात का?

क्वचित. माहिती देणारा मालकच असेल तर तो काय सांगणार? ‘सडन’, ‘अननोन’, ‘अपघात’. कायदाही त्याच्या बाजूचा. १८२९ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जॉन मान नावाच्या माणसाचा खटला आला. त्यानं लिडिया या गुलाम बाईला वर्षभरासाठी भाड्यानं घेतलं होतं. ती चाबकापासून पळाली, त्यानं मागून गोळी घालून तिला जखमी केलं. खाली शिक्षा झाली होती. वर न्यायमूर्ती रफिन यांनी ती रद्द केली आणि गुलामाची ताबेदारी पूर्ण राहायची तर मालकाची सत्ता अनिर्बंध असली पाहिजे असं लिहिलं. त्याच न्यायालयानं १८३९ मध्ये हूवर नावाच्या मालकाची फाशी कायम केली, कारण त्यानं मीरा या गरोदर बाईला महिनोन्‌महिने हाल करून मारलं होतं. असे निकाल बोटांवर मोजण्यासारखे.

अपघात कुठले होते?

लहान मुलांचं भाजणं. खोपटातली चूल म्हणजे उघडी शेकोटी, तिच्या वरचं धुराडं काटक्या आणि मातीचं. मुलं अंगात एकच लांब सुती सदरा घालत. थंडीत जाळाजवळ सरकलं की सदऱ्याचा घोळ पेट घ्यायचा, आणि मोठी माणसं शेतात. याशिवाय पाण्यात बुडणं, झाड अंगावर पडणं, घोड्यावरून पडणं, वीज, साप, सरकी काढायच्या जिनमध्ये हात सापडणं, उसाच्या चरकात सापडणं.

श्रीमंत तरी वाचत होते का?

डासाला हवेली कळत नाही. पुढे बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झालेल्या जेफर्सन डेव्हिसचं १८३५ च्या जूनमध्ये सेरा नॉक्स टेलरशी लग्न झालं. ऐन तापाच्या हंगामात दोघं लुइझियानात डेव्हिसच्या बहिणीच्या मळ्यावर गेली, दोघांनाही ताप आला, आणि लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच ती गेली. तिचे वडील झॅकरी टेलर राष्ट्राध्यक्ष असताना जुलै १८५० मध्ये पोटाच्या विकारानं चार-पाच दिवसांत गेले. त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष पोल्क १५ जून १८४९ ला नॅशव्हिलला पटकीनं गेले. पोल्क यांचा मिसिसिपीत कापसाचा मळा होता.

मृतांना कुठे पुरत?

गोऱ्यांना चर्चच्या आवारात किंवा घराजवळच्या कुंपणात, नाव कोरलेल्या दगडाखाली. गुलामीतल्यांना मळ्याच्या कडेला, पिकाला निरुपयोगी जमिनीत. अंत्यविधी बरेचदा रात्री होई, मशालींच्या उजेडात, कारण दिवसा कामाला सुट्टी नसे. खुणेला नुसता रानातला दगड, लाकडी फळी किंवा युकाचं झुडूप. किनाऱ्याकडे कबरीवर शिंपले आणि माणसानं शेवटी वापरलेली भांडी ठेवत, फोडून. आज त्या जागांवरून रस्ते गेले आहेत, वसाहती उठल्या आहेत. सपाट दगडांची ओळ दिसली तर ती हलवू नका, एवढी विनंती.

मराठी वाचकानं हे कशाला वाचायचं?

मी वाचायला लागले ते जोतीराव फुल्यांमुळे. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. मुक्त झाले ते कसे जगत होते हे पाहायला गेले आणि ते कसे मरत होते तिथे पोचले. शिवाय त्या तापाचं कोडं सुटलं ते आपल्याच शेजारी. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा जीव पाहिला.

हे तक्ते कुठे पाहायला मिळतील, आणि वाचायचे कसे?

अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि राज्यांची अभिलेखागारं यांच्याकडे आहेत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं काढून फुकट पाहता येतात. सगळ्या जिल्ह्यांचे टिकलेले नाहीत.

वाचण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव, आणि त्याच्याखाली नुसती वयं, लिंग आणि वर्ण; जिवंत माणसाला नाव नाही. मृत्यू-तक्त्यात मात्र नावाचा रकाना होता आणि पुष्कळ ठिकाणी गुलामीतल्या माणसाचंही नाव त्यात लिहिलं गेलं, निदान पहिलं तरी. आपले पूर्वज शोधणारे आफ्रिकी अमेरिकी लोक १८७० च्या जनगणनेपाशी येऊन अडकतात, कारण सगळ्यांची नावं तिथूनच सुरू होतात. तिच्या मागचं एखादं नाव हाताला लागतं ते या पानांवर.

म्हणून वाचताना आधी नाव वाचा. मग वय, मग महिना, मग आजारपणाचे दिवस. ऑगस्ट, सप्टेंबर, सहा दिवस. जानेवारी, नऊ दिवस. मे, एक दिवस. वय, महिना आणि दिवस यांवरून तुमचा अंदाज बांधून झाला की मगच कारणाच्या रकान्याकडे या. आणि पानाच्या तळाशी शेरा असेल तर तोही सोडू नका. गणना करणाऱ्यांना १८५० मध्ये तिथली माती, पाणी, खडक आणि झाडं कशी आहेत हेही लिहायला सांगितलं होतं. पाण्याबद्दल त्यानं काय लिहिलंय ते वाचा आणि मग वरचे अपूर्णांक पुन्हा एकदा पाहा.